बारा आणे केंद्राचे, चार आणे राज्याचे

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो. तेवढ्यात वसाहतीतल्या एक मावशी किराणा दुकानाची पिशवी छातीशी धरून आल्या. जयभीम केला आणि म्हणाल्या, "भाऊ, ते पन्नास हजाराचं खरंय का रं? तू हिशेबाचा माणूस, म्हणून तुलाच इचारते."

पिशवीत त्यांच्या मुलाचे कागद होते. मुलगा इथल्याच एमआयडीसीत ठेकेदाराकडे प्रेसवर कामाला होता. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, एका खासगी रुग्णालयात नवव्या दिवशी गेला. त्या दिवसांत नालेगावच्या अमरधामात एकामागून एक चिता पेटत होत्या. मावशींना लेकाचे तोंडही पाहायला मिळाले नाही. हाती राहिले ते कागद : रुग्णालयाचे बिल, दोन औषधांच्या चिठ्ठ्या आणि महापालिकेचा मृत्यूचा दाखला. तपासणीचा अहवाल मोबाईलवर आला होता. तो मोबाईल सुनेने बिलासाठी विकला होता.

आम्ही नागापूरला एका कारखान्यात लेखा विभागात कारकून आहोत. बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांना वाटले होते, पोरगा बँकेत लागेल. तसे झाले नाही, पण व्हाउचर वाचण्याची सवय मात्र हाडात मुरली. म्हणून मावशींना "बघतो" असे न सांगता आधी तो पैसा कुठून येतो ते समजून घ्यायचे ठरवले.

वाचकहो, तो पैसा कोणी खिशातून काढून दिलेला नव्हता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक राज्यात एक आपत्ती प्रतिसाद निधी ठेवावा लागतो. महाराष्ट्रासारख्या राज्याच्या या निधीत केंद्र ७५ टक्के घालते, राज्य २५ टक्के. मावशींना आम्ही जुन्या हिशेबात सांगितले : रुपयातले बारा आणे केंद्राचे, चार आणे राज्याचे. त्यांना ते लगेच कळले. २०२०-२१ साली आपल्या राज्याचा हा निधी सुमारे ४,२९६ कोटी रुपयांचा होता; देशातल्या सर्व राज्यांत सर्वांत मोठा. केंद्र आपला वाटा दोन हप्त्यांत देते आणि पुढच्या हप्त्यासाठी मागचा पैसा कामी लागल्याचा दाखला मागते. खर्च मात्र राज्य करते. त्यावर देखरेख ठेवायची ती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, आणि सरतेशेवटी तपासायचे ते महालेखापरीक्षकांनी.

पन्नास हजारांची कथा तर आणखी वेगळी. १४ मार्च २०२० रोजी केंद्राच्या गृह मंत्रालयाने कोरोनाला या निधीपुरती आपत्ती मानले. त्या दिवशीच्या पहिल्या पत्रात मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपये देण्याचे लिहिले होते. त्याच दिवशी सुधारित पत्र निघाले आणि चार लाखांची ओळ गायब झाली. पुढे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार म्हणाले, इतके पैसे देणे परवडणार नाही. ३० जून २०२१ ला न्यायालयाने सांगितले की रक्कम तुम्ही ठरवा, पण काहीच न देणे चालणार नाही. सप्टेंबरमध्ये पन्नास हजारांचा आकडा ठरला आणि ४ ऑक्टोबरला न्यायालयाने त्याला मान्यता दिली. दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही एवढ्या कारणाने कुणालाही परत पाठवू नका, आणि अर्ज आल्यापासून तीस दिवसांत पैसे द्या, असेही बजावले.

ही दाखल्याची अट आपल्या लोकांना फार नडली, म्हणून येथे जरा थांबतो. महापालिका किंवा ग्रामपंचायत जो मृत्यूचा दाखला देते त्यावर मृत्यूचे कारण छापलेलेच नसते. कारण असते ते डॉक्टरच्या वेगळ्या प्रमाणपत्रावर, आणि ते घरच्यांना कोणी सहसा देत नाही. मग बाई दाखला घेऊन खिडकीशी जाते, आतला माणूस म्हणतो, यावर कोरोना कुठे आहे? दोघेही खोटे बोलत नसतात. पण हेलपाटे घालते ती बाई.

त्या रविवारपासून आम्ही विहारात एक टेबल टाकले. जाड पुठ्ठ्याचे एक रजिस्टर आणले, उभे रकाने आखले : मृताचे नाव, तारीख, कुठल्या रुग्णालयात, तपासणी अहवाल आहे की नाही, अर्ज कोणी केला, क्रमांक, पैसे आले ती तारीख. शेजारच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा संगणकावर अर्ज भरून द्यायचा. तीन महिन्यांत एकोणतीस नावे झाली. ती सगळी आपल्याच समाजाची नव्हती. बोल्हेगावहून आलेले होते, बिहारचे दोन कामगार होते, एक मुस्लिम आजी होती. मरणाने सगळ्यांना एका रांगेत आणले होते.

काय काय पाहिले म्हणून सांगावे! एका घरात मृताची आई आणि बायको दोघीही पैशावर हक्क सांगत होत्या. दोघींचे बरोबर होते. कुणाच्या आधार कार्डावरचे नाव आणि बँकेतले नाव यांच्यात 'राव' आणि 'जी' एवढाच फरक, त्यापायी दोन महिने गेले. एक तरुण तपासणीनंतर घरीच राहिला आणि अठराव्या दिवशी गेला. त्याच्या वडिलांना वाटत होते, दवाखान्यात नेले नाही म्हणून आता पैसे मिळायचे नाहीत. तपासणीपासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर तो घरी झाला तरी धरतात, हे त्यांना आम्ही सांगितले, तेव्हा ते कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. पैशाचा आनंद तो नव्हता. आपल्यामुळे पोराचा हक्क बुडाला ही टोचणी सुटली होती.

आणि एक जण असाही आला ज्याचे वडील हृदयविकाराने गेले होते. त्याला एका डॉक्टराची ओळख होती. "तुम्ही फक्त अर्ज भरा, कागद मी आणतो." आम्ही नाही म्हणालो. तो म्हणाला, "सरकारचा पैसा आहे, तुमच्या खिशातून जातोय का?" आम्हाला त्याच वेळी नीट उत्तर सुचले नाही. हा पैसा मावशींच्या पोराचा आहे, असे म्हणायला हवे होते. तो गृहस्थ अजूनही रस्त्यात दिसला की दुसऱ्या बाजूला जातो. त्याची बहीण आमच्या पत्नीच्या बचत गटात होती, तिनेही गट सोडला. खरे सांगतो, आमच्या घरात यावरून दोन दिवस अबोला होता.

असे अर्ज राज्यभर झालेच असणार. सरकारी नोंदीप्रमाणे तेव्हा महाराष्ट्रात सुमारे एक लाख एकेचाळीस हजार मृत्यू होते आणि अर्ज आले दोन लाखांहून अधिक. याचा अर्थ साठ-सत्तर हजार लोक लबाड होते असा काढू नये. मृत्यू कमी नोंदले गेले हेही त्यात आहे, एकाच घरातून दोन अर्ज गेले हेही आहे. पण बनावट दाखल्यांची चर्चा न्यायालयापर्यंत गेली, आणि २४ मार्च २०२२ ला न्यायालयाने केंद्राला महाराष्ट्र, गुजरात, केरळ व आंध्र या चार राज्यांतले पाच टक्के अर्ज तपासण्याची परवानगी दिली. खोट्या दाव्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

मे महिन्यात मावशींना फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, तुम्हाला मृताचे पैसे दोनदा गेले आहेत, कचेरीत या.

मावशी रात्री साडेनऊला आमच्या दारात. "भाऊ, म्या चोरी केली का रं?" त्यांच्या सुनेने नेवासे तालुक्यात माहेरी राहून तिकडून अर्ज केला होता. इकडे मावशींच्या नावाने अर्ज केला तो आम्ही. सुनेने नाव आधार कार्डाप्रमाणे घातले, आम्ही मृत्यूच्या दाखल्याप्रमाणे. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. यंत्राला ती दोन माणसे वाटली. फेब्रुवारीत दोघींच्याही खात्यात पन्नास-पन्नास हजार जमा झाले. सासू-सुनेचे बोलणे बंद होते, तेव्हा एकीचे दुसरीला कळायचे कारणच नव्हते.

चूक आमची होती. रजिस्टरात 'अर्ज कोणी केला' हा रकाना होता, 'घरातून आणखी कोणी अर्ज केला आहे काय' हा नव्हता. कारखान्यात एकाच बिलाची दोन देयके निघू नयेत म्हणून आम्ही रोज शिक्का मारतो. आणि इथे एका मरणाचे दोनदा देयक काढले. त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या पगाराची रजा टाकून मावशींबरोबर गेलो. साहेब वयाने आमच्याएवढेच. त्यांनी आवाज चढवला नाही हे कबूल केले पाहिजे. मावशींना बसायला खुर्ची दिली, दोन्ही अर्ज समोर ठेवले. पत्नीचा हक्क आधी, म्हणून सुनेचा अर्ज कायम. मावशींनी चलनाने पैसे भरावेत, पुढे काही होणार नाही, असे सांगितले. मग त्यांनी विचारले, "पैसे आहेत ना शिल्लक?"

अठरा हजार शिल्लक होते. बाकीचे रुग्णालयाच्या बिलासाठी काढलेल्या कर्जात गेले होते.

निघताना आम्ही साहेबांना विचारले, "आमचे तुम्ही तपासता. तुमचे कोण तपासते?" ते हसले. म्हणाले, "आमच्यावर ऑडिट येते. दोन वर्षांनी येते, पण येते." त्यात कुचेष्टा नव्हती. पण घरी येताना सीना नदीच्या पुलावर स्कूटर थांबवून आम्ही त्या 'दोन वर्षांनी'चा विचार करीत उभे राहिलो. मावशींना बोलावले तीन महिन्यांत.

आमच्या मातोश्री १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात. सुकडी खाऊन दिवस काढले. त्या सांगत, मुकादमाच्या हजेरीपटावर त्याचा वारलेला भाऊसुद्धा रोज कामावर असे, आणि त्याची मजुरीही निघे. तेव्हा मेलेले हजेरीला येत, आता मेलेल्यांना मेल्याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे तपासणी वाढली नाही असे म्हणता येणार नाही. पण वाढली ती कुठल्या बाजूला?

बाबासाहेबांचा एक प्रबंध १९२५ साली लंडनला प्रसिद्ध झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था कशी वाढत गेली हा त्याचा विषय. आम्ही बी.कॉम.ला तीन वर्षे काढली, पण त्याचे नाव एकाही प्राध्यापकाने घेतले नाही. चाळिशीत आल्यावर वाचायला घेतला, जेमतेम निम्मा समजला. समजले ते असे की १८३३ नंतर सगळा पैसा मध्यवर्ती सरकारच्या हाती गेला, खर्च मात्र प्रांतांनी करायचा. ज्याला गोळा करावा लागत नाही त्याला जपून खर्च करण्याचे काय पडले आहे? मग १८७१ पासून थोडे थोडे अधिकार आणि जबाबदारी प्रांतांकडे आली. प्रश्न आजचाच आहे. बारा आणे वरून येतात, तेव्हा राज्य म्हणते पैसा केंद्राचा. वाटप खाली होते, तेव्हा केंद्र म्हणते खर्च राज्याचा. मधल्या मध्ये हिशेब विचारायचा कुणाला, हे मावशींना कसे कळावे? घटना समितीतही ३० मे १९४९ रोजी बाबासाहेबांनी महालेखापरीक्षकाचे काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही मोठे मानले होते. तो अधिकारी घटनेत कशासाठी घातला ते आम्हाला त्या पुलावर पटले.

कारण पाहा. त्याच सुमारास आंध्र प्रदेशात या आपत्ती निधीतला सुमारे ११०० कोटी रुपयांचा पैसा सरकारने उचलून वैयक्तिक ठेव खात्यांत वळवला होता. न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये तो निधीत परत भरायला लावला. आपल्याकडे २०२५ साली जालना जिल्ह्यात, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, अतिवृष्टीच्या अनुदानात कोट्यवधींचा अपहार उघडा पडला. ज्यांच्या नावावर शेतच नाही त्यांच्या खात्यांत पैसे गेले, तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले. तिथे स्पेलिंगचा घोटाळा नव्हता. याद्या करणाराच याद्या तपासत होता.

रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कलम १७ होते. कामाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवून गावाने तपासायचा, त्याला सामाजिक अंकेक्षण म्हणत. ते सगळीकडे नीट झाले असे नाही, पण कायद्यात तरी होते. मदतीच्या पैशाला तसे का असू नये? कोणाला किती मिळाले, किती अर्ज नाकारले आणि का, परत आलेले पैसे कुठे जमा झाले, एवढे चार ओळींत चावडीवर लावले तर कोणाचे काय बिघडणार आहे? आमच्या वसाहतीत कोण खरोखर कोरोनाने गेला हे आम्हाला दिल्लीहून कोणी येऊन सांगायची गरज नव्हती.

मावशींचे पैसे जुलैमध्ये भरले. अठरा हजार त्यांचे. प्रेसवरच्या पोरांनी पगाराच्या दिवशी अकरा हजार गोळा केले. सहा हजार आम्ही घातले. ते उपकार नव्हेत, चुकीची भरपाई होती. उरलेल्या पंधरा हजारांची चिंता होती, तर एके दिवशी नेवाशाहून सून स्वतः आली, नातवाला घेऊन. टेबलावर पंधरा हजार ठेवले आणि सासूकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या नावावर डाग नको." मावशींनी नातवाला जवळ ओढले. त्या दोघी त्या दिवशी बोलल्या की नाही, आम्हाला माहीत नाही. आम्ही चहा सांगायला बाहेर गेलो होतो.

चलन हातात आले आणि आमच्यातला कारकून जागा झाला. आपत्तीच्या मदतीचा खर्च सरकारी हिशेबात २२४५ या लेखाशीर्षाखाली पडतो. परत आलेले पन्नास हजार त्या निधीत परत गेले, की सरकारच्या सर्वसाधारण जमेत विरघळले? निधीत गेले तर उद्याच्या पुरात कुणाच्या तरी घराला लागतील. जमेत गेले तर केंद्राच्या बारा आण्यांचे काय? आम्ही माहिती अधिकारात अर्ज केला, चार प्रश्न विचारले : किती पैसा आला, किती अर्ज मंजूर व नामंजूर, किती रक्कम परत आली, ती कोठे जमा झाली. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. पहिल्या दोहोंचे आकडे मिळाले, स्वच्छ टंकलिखित. तिसऱ्याला लिहिले होते, माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. चौथा प्रश्न कलम ६(३) खाली दुसऱ्या कचेरीकडे पाठवला होता. त्या कचेरीने तिसऱ्या कचेरीकडे पाठवला. पहिले अपील झाले. सुनावणीला साहेब रजेवर होते, पुढची तारीख मिळाली, त्या तारखेला साहेबांची बदली झालेली. दुसरे अपील आम्ही केले आहे.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत शेवगाव-पाथर्डीकडे आमच्या पाहुण्यांची बाजरी वाहून गेली, घराची भिंत बसली. त्यांचा फोन आला, यादीत नाव नाही, काय करू? आम्ही म्हणालो, आधी यादीची प्रत घ्या, नंतर पंचनाम्याची, आणि घरातून दोन अर्ज जाणार नाहीत हे बघा. जुने रजिस्टर पुन्हा काढले आहे. त्यात आता दोन रकाने जास्त आखले.

मावशी रविवारी विहारात येतात. वंदना झाली की अधूनमधून विचारतात, "भाऊ, माझे पैशे पोचले का रं तिथं?" आम्ही सांगतो, चलन आहे मावशी, पावती आहे, पोचले. त्या म्हणतात, "पावती तर माझ्यापाशी बी हाय. म्या इचारते, पोचले का?"